डोंगरावरचा पोत

यंदा वैशाखात आभाळाला पुन्हा तो रंग आला आहे. निळा नव्हे, करडाही नव्हे. राखेने भांडी घासल्यावर परातीत जे पाणी उरते, त्याचा रंग. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला, असे लोक म्हणतात. मला हे क्रियापद आवडत नाही. रुसणाऱ्याची समजूत काढता येते, आणि समजूत काढून देणारे मध्यस्थ नेहमीच जवळपास उभे असतात. पाऊस पडला नाही, एवढेच विधान खरे आहे.

तीन दिवसांपूर्वी प्रयोगशाळेत भिंगांचे डबे कपाटात लावत असताना दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, आमच्या मामाच्या गावाकडं डोंगरावर परत दिवे दिसायलेत. लोकं म्हणतेत, देवीचा पोत हाय. तुमचा त्याच्यावर निबंध हाय म्हणं, बक्षीस मिळालेला. आमच्या विज्ञान मंडळात वाचून दाखवा की." तिच्या डोळ्यांत जे होते ते मला ओळखीचे होते. त्या वयात माझ्याही डोळ्यांत ते असे, आणि त्याला मी जिज्ञासा म्हणत असे. बघते, म्हटले. ती गेल्यावर हात धुवावेसे वाटले. नळाला पाणी नव्हते.

किळस ही मोठी प्रामाणिक भावना आहे. दुःखाला आपण सजवतो, रागाला कारणे जोडतो. किळस मात्र विचार सुरू होण्याआधीच जिभेच्या मुळाशी येऊन बसलेली असते. त्या उन्हाळ्याची आठवण झाली की मला प्रथम उजेड दिसत नाही, वास येतो. तापलेल्या दगडावर दिवसचे दिवस ओतल्या गेलेल्या, खवट झालेल्या करडईच्या तेलाचा वास.

मोठ्या दुष्काळातला तो उन्हाळा. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आत्याकडे गेले होते. वडील धाराशिवला प्राथमिक शिक्षक. त्यांची ही थोरली बहीण, तिचे सासर तामलवाडीपासून आत, दोन कोसांवर. गावाचे नाव लिहीत नाही, कारण गावाला वेगळेपण असे काही नव्हते. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे आमची वस्ती. आमची म्हणजे बौद्धांची. मोठी माणसे दिवसभर दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडत. संध्याकाळी चुलीवर अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी भाजल्या जात, आणि त्यांचा वास ओल्या गोणपाटासारखा असे. सुकडीची गोड भुकटी मुले तळहातावर घेऊन चाटत आणि माश्या मुलांचे गाल चाटत. जनावरांच्या हाडांचा ढीग ओढ्याच्या वळणावर पांढरा पडला होता. मी हे सारे पाहत होते, आणि मनात एकच हिशेब चालू होता: विद्यापीठाच्या विज्ञान-निबंध स्पर्धेला विषय मिळाला पाहिजे.

विषय मला डोंगराने दिला. दिवस मावळल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने तुळजापूरच्या बाजूच्या डोंगरकडेवर एक उजेड उमटे. तो चांदण्यासारखा लुकलुकत नसे आणि वणव्यासारखा पसरत नसे. पिवळा, गोल, कडेच्या बोटभर वर अधांतरी. थोडा वेळ स्थिर राही, मग सरके, मग एकाचे दोन होत, दोहोंचा पुन्हा एक होई, आणि कोणी फुंकर घालावी तसा तो नाहीसा होई. काही वेळाने दुसरा. मी आजवर पुष्कळ प्रकाश पाहिला आहे, त्याचा अभ्यास हाच माझा व्यवसाय आहे. पण त्या गढूळ आभाळात तो उजेड फार सुंदर दिसत असे, हे मला मान्य केले पाहिजे. सौंदर्याचीही किळस येऊ शकते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

तुळजापूरच्या परिसरात वाढलेल्या माणसाला असा उजेड दिसला तर त्याला दुसरे काही सुचणे अवघडच. तेलात भिजवलेल्या चिंध्यांचा पीळ पेटवून तो देवीपुढे नाचवायचा, त्याला पोत म्हणतात. लहानपणापासून प्रत्येकाने तो पाहिलेला. डोंगरावर देवी स्वतः पोत घेऊन उभी राहते, हे गावाने पहिल्याच संध्याकाळी ठरवून टाकले. आणि पोत म्हटला की त्याला तेल आले. गावाबाहेर, डोंगराकडे तोंड केलेला एक उभट दगड होता. रेशनवर मोजून मिळणाऱ्या तेलातले पळीभर, दोन पळ्या तेल त्याच्यावर ओतायला बाया ओळीने येऊ लागल्या. पोत विझला तर दुष्काळ कायमचा बसेल, असे कोणीतरी म्हणाले होते. आठवड्याभरात त्या दगडाभोवती काळ्या चिखलाचे आळे झाले. त्यात मुंगळे रुतून मेलेले असत. मी नाकाला रुमाल लावून त्याच्या कडेने जात असे, आणि रेशनचे तेल पुरत नाही हे समजत असूनही, घरात आमटीला फोडणी का नसते असे विचारत असे.

आत्या तेल ओतायला गेली नाही. धर्मांतराच्या वेळी तिने कवड्यांची माळ आणि जोगव्याची परडी स्वतःच्या हाताने नदीत सोडली होती, आणि सोडलेल्या गोष्टीकडे मागे वळून पाहणाऱ्यांतली ती नव्हती. तिचे डोळे दुसऱ्याच एका जागेवर खिळलेले होते. भूजल तपासणारे साहेब येऊन गेले होते. पिण्याच्या पाण्याची एक विहीर गावाला मंजूर झाली होती, आणि त्यांनी दोन ठिकाणी चुन्याची फुली मारली होती. एक ओढ्याकाठी, वस्तीला लागून. दुसरी गावापलीकडे, सोसायटीच्या चेअरमनच्या मळ्याच्या बांधाला. दोन्हीकडे पाणी लागेल, जागा गावाने ठराव करून कळवावी, असे सांगून साहेब निघून गेले. ओढ्याकाठच्या फुलीभोवती आत्याने दगड मांडून घेतले होते, शेळ्यांच्या पायांनी चुना पुसला जाऊ नये म्हणून.

ही फुली म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगावे लागेल. गावविहिरीवर आमच्या बायकांनी घागर खाली ठेवायची आणि दहा पावले मागे जाऊन उभे राहायचे. कोणाला सवड झाली, दया आली, तर ती बाई वरून पाणी ओतणार. निम्मे घागरीत, निम्मे मातीत. नाहीतर पहाटे उठून दीड कोसावरच्या झऱ्याला जायचे आणि वाटीवाटीने घागर भरायची. आत्या झऱ्याला जात असे.

"आपली हीर झाली ना सुमे," ती एकदा पायांना रॉकेल चोळता चोळता म्हणाली, "म्या घागर अशी आपल्या हातानं आत सोडनार. आन् बुडबुड बुडबुड आवाज ऐकत बसनार. कुनी मला घाई करायची न्हाय."

"पाणी लागायला हवं आधी," मी म्हणाले.

"लागंल की. सायबानं फुली काय उगं मारली व्हय? का त्याला बी तुज्यावानी वही लागती?"

वही माझ्याजवळ सतत असे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. कोनमापकाला ओळंबा बांधून मी उजेडाची उंची मोजत असे, वडिलांच्या घड्याळावर वेळ टिपत असे, वारा आणि धूळ यांची नोंद करत असे. एकाच जागेवरून पाहणे अशास्त्रीय, म्हणून मी तीन जागा निवडल्या: वस्ती, ओढा आणि गावातला मारुतीचा पार. पहिल्या दोन ठिकाणी अडचण नव्हती. पाराशी मात्र मी दूरच उभी राहिले, कारण आमच्यातले कोणी त्याच्या पायऱ्या चढत नसे. चेअरमन तिथे बसलेले होते. पांढरे धोतर, मनगटाला सोनेरी पट्ट्याचे घड्याळ, आवाजात कायमचे आर्जव. त्यांनी मला हाक मारली.

"मास्तरची पोर ना तू? शास्त्र शिकतीस म्हणं. ये, वर ये. शिकलेल्याला कसला आलाय इटाळ? आरं, बाईस्नी खुर्ची आना!"

खुर्ची आणली गेली. मी पार चढले आणि तिच्यावर बसले. मला तेव्हा काय वाटले ते मी नेमके सांगू शकते, कारण मी ते त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहिले होते: ज्ञानापुढे जात टिकत नाही. खाली, उजेड बघायला आलेल्या गर्दीच्या शेवटी, ओढ्याच्या बाजूला, आत्या डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिला कोणी वर बोलावले नव्हते, आणि ते माझ्या वहीत नाही.

पारावरून पाहिले की उजेड बरोबर चेअरमनच्या मळ्याच्या माथ्यावर उभा राही. वस्तीतून पाहिला तर एका उजाड बाभूळबनावर. ओढ्यातून पाहिला तर मसणवट्यावर. यात काही गूढ नाही. दूरची वस्तू पाहणाऱ्याबरोबर सरकते, म्हणून तर लहान मुलाला वाटते की चंद्र आपल्याबरोबर चालतो. पण गावाची पाहण्याची मान्यताप्राप्त जागा पार ही होती. पारावरून जे दिसते ते दिसते, आणि बाकीच्या जागांवरून जे दिसते तो भास.

सहाव्या संध्याकाळी पोत निघाला नाही. माणसे अंधार होईपर्यंत खोळंबली, मग कुजबुज झाली, मग कारण सापडले. वस्तीतल्या कोणा बाईची सावली तेलाच्या दगडावर पडली असणार. दुसऱ्या दिवशी झऱ्याच्या वाटेवर कोणीतरी काटेरी फांद्या आणून टाकल्या. त्याच सकाळी मी वडिलांना पत्र टाकायला तामलवाडीच्या फाट्यावर गेले होते. उशिरा आलेल्या एसटीचा वाहक चहावाल्याला सांगत होता, "काल घाटात ट्रक आडवा झालता हो. सांजंपास्नं दोन्हीकडून गाड्या बंद. आत्ता कुठं मोकळा झाला."

मी पत्र टाकले आणि परत चालू लागले. ओढ्यापाशी येईपर्यंत मला सारे समजले होते. जमीन इतकी उघडी पडलेली, की दिवस मावळताच ती झपाट्याने निवे. तिच्यालगतची हवा थंड, वरची अजून तापलेली. अशा थरांमधून जाताना प्रकाश वाकतो. घाटरस्त्याच्या वळणावर येणाऱ्या मोटारींचे दिवे, जे एरवी डोंगराआड राहिले असते, ते उचलल्यासारखे कडेच्या वर दिसत. मोटार समोर आली की दोन दिवे, तिरकी झाली की एक, वळली की काही नाही. इतके साधे, इतके रेखीव. ओढ्याच्या कोरड्या वाळूत मी एकटीच हसले. तो माझ्या आयुष्यातला पहिला स्वतंत्र शोध होता, आणि पहिल्या शोधाचा आनंद काय असतो हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल की मी तो तत्काळ लपवून का ठेवला.

कारणे माझ्याजवळ होती. सदोष कामाला कारणांचा तुटवडा कधीच नसतो. एकवीस संध्याकाळींची नोंद करायची असे मी ठरवले होते. आमचे प्राध्यापक सांगत, अपुऱ्या निरीक्षणांवरून निष्कर्ष काढणारा शास्त्रज्ञ आणि ज्योतिषी यांत फरक नाही. आणि तळाशी, वहीच्या कोणत्याही पानावर न लिहिलेले एक कारण होते: गावात बोलले तर चार दिवसांत ते सर्वांच्या तोंडी होईल, तालुक्याच्या वार्ताहराच्या कानावर जाईल, आणि औरंगाबादच्या व्यासपीठावर मी जे उघड करणार होते ते शिळे होऊन जाईल. मला ते ताजे हवे होते. पंधरा दिवस शोध ताजा ठेवायचा म्हणून मी तोंड बंद ठेवले. आज त्या बंद तोंडाचीच चव मला येते.

सोळाव्या दिवशी दुपारी ग्रामसभा झाली. विषय एकच, विहिरीची जागा. वस्तीतली माणसे पाराखाली उन्हात बसली होती. मला पुन्हा खुर्ची होती.

चेअरमन उठले. हात जोडून म्हणाले, "सायबानं दोन जागा दिल्या. आता त्यातली एक आपुन ठरवायची म्हंजी कुनाचं तरी मन मोडायचं. म्या कोन मन मोडनार? पयल्यापास्नं आपली रीत काय? अडलं की देवीला कौल मागायचा. आवो, पर हितं मागायला बी लागंना! ती रोज पोत घिऊन जागा दावतीया. कुठं, ते म्या न्हाय सांगत. तुमी तुमच्या डोळ्यांनी बघताय."

माना डोलल्या. तेव्हा खालून आत्या उभी राहिली. सभेत बाईने बोलण्याची रीत नव्हती. आमच्या बाईने तर नव्हतीच.

"आमच्याकडनं तर त्यो उजेड बाभळीवर दिसतुया," ती म्हणाली. "मग तितं खांदा की हीर."

"बाभळीवर भुतं बसत्यात आत्याबाई, भुतं!" पारावरून कोणीतरी ओरडले. "त्यास्नी बी तान लागली आसंल!" हशा पिकला. हसणे थांबेपर्यंत चेअरमन थांबले, मग माझ्याकडे वळले.

"ह्या बाई पंधरा दिस झालं रोज लिवून घेत्यात. सायन्सवाल्या हायत. त्यास्नीच इचारू. काय बाई, लागला का पत्ता?"

सगळे चेहरे माझ्याकडे वळले. आत्याचाही. ती अजून उभीच होती. माझ्या मांडीवर वही होती आणि वहीत उत्तर होते. एक वाक्य पुरे होते.

"निरीक्षणे अजून पूर्ण झालेली नाहीत," मी म्हणाले.

वाक्य व्याकरणशुद्ध होते, वस्तुस्थितीला धरून होते, आणि मी माझ्या आयुष्यात उच्चारलेले ते सर्वांत घाणेरडे वाक्य आहे.

"ऐकलं?" चेअरमन हळूच म्हणाले. "सायन्सला बी उमजंना."

आत्या खाली बसली. ठरावाचा कागद फिरत फिरत वस्तीच्या माणसांपर्यंत आला. शाईची डबी आली. तिने अंगठा दिला.

एकवीस संध्याकाळी पूर्ण झाल्या. बाविसाव्या दिवशी मी पारावर आकृती काढून सर्व समजावून सांगितले: घाट, वळण, हवेचे थर, वाकणारा किरण. मी वादाची तयारी करून गेले होते. वाद झालाच नाही. तेल ओतणारी एक म्हातारी म्हणाली, "गाडीचा आसंल बाई उजेड. पर तिच्या मर्जीबिगर गाडी तरी चालती का?" आणि चेअरमननी आकृतीकडे कौतुकाने पाहिले.

"मोटारीच हायत की. सोसायटीच्या खताचा ट्रक त्याच घाटानं येतो, दोनदा म्या सोता बसून आलोय. मला ठावं न्हाय व्हय?" त्यांच्या मळ्याच्या बाजूने सुरुंगाचा आवाज आला, खोदाई सुरू होऊन तीन दिवस झाले होते. "झ्याक लिवलंय. पेपरात द्या. गावाचं नाव हुईल."

मी तोवर समजत होते की लढा अंधश्रद्धेशी आहे. पण त्या माणसाच्या ठिकाणी श्रद्धा नव्हतीच. त्याने उजेड वापरला, देवी वापरली, आणि दोन्ही अपुरी पडतील अशी शंका येताच एका खुर्चीच्या बदल्यात विज्ञान वापरले. त्याच्याबद्दलची माझी घृणा पूर्ण, स्वच्छ आणि म्हणूनच फारशी त्रासदायक नाही. त्रास दुसऱ्या घृणेचा आहे, स्वतःबद्दलच्या.

निबंधाला पहिले बक्षीस मिळाले. त्या दिवशी ती विद्यार्थिनी गेल्यावर मी तो काढून वाचला. गणित निर्दोष आहे. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिले आहे की ग्रामीण जनता अज्ञानाच्या अंधारात चाचपडत असून विज्ञानाचा दीप तिच्या दारी नेणे हे सुशिक्षितांचे कर्तव्य होय. विहिरीचा उल्लेख नाही. सभेचा नाही. आत्याचा तर नाहीच. आभारप्रदर्शनात माझ्या मुक्कामाची सोय करणारे 'एक नातेवाईक' आहेत. आणि वरच्या समासात परीक्षकांनी हिरव्या शाईने शेरा मारला आहे: प्रशंसनीय तटस्थता.

काल रविवार होता. मी एसटीने गेले, फाट्यावरून चालत गेले. आत्या घरी नव्हती; चेअरमनच्या बांधावरच्या विहिरीजवळ होती. आता वरून पाणी ओतत नाहीत. काळ बदलला. आता वस्तीसाठी वेळ नेमून दिली आहे: दुपारी, गावाचे सगळे पाणी भरून झाल्यावर, तळाशी जे गढूळ उरेल ते. आत्या निंबाच्या विरळ सावलीत पाच-सहा बायकांपासून थोडी दूर बसली होती. केस पांढरे, गुडघे वाकडे. मी तिच्याशेजारी बसले. इकडचे तिकडचे बोलणे मला कधी जमले नाही.

"आत्या, त्या वेळी सभेत मी गप्प बसले ना, तेव्हा मला माहीत होतं. नऊ दिवस आधीच कळलं होतं."

"काय कळलं व्हतं?"

"ते दिवे गाड्यांचे आहेत, ते."

तिने पदराने मानेवरचा घाम पुसला. "हात् तिच्या! ते तर मला बी ठावं व्हतं."

"तुम्हाला?"

"तर! घाटाच्या रोडला खडी कोन फोडत व्हतं, तुजी माय का? सांजच्याला काम सुटलं की वळनावर मोटारीचा उजेड आसा डोळ्यात घुसायचा, जीव घाबरायचा. हितनं बघितला की त्योच. तसाच थांबायचा, तसाच वळायचा. त्यात काय वळखायचंय?"

"मग सभेत सांगायचं ना!"

"सांगाया उटले की. भुतं करून बसवली मला." ती हसली. तिचे दोनच दात उरले आहेत. मग हसणे ओसरले आणि ती डोंगराकडे बघत बोलू लागली. आवाजात तक्रार अशी नव्हती. "आन् मग तुज्याकडं बघितलं. म्हटलं, आपली पोर रोज वही घिऊन बसती, घड्याळ बघती, मोजती. निस्ती मोटार आसती तर एवढी शिकलेली पोर पंधरा दिस कशाला मोजंल? मोटार वळखाया काय कालेज लागतं व्हय? तू बी म्हनलीस, अजून झालं न्हाय. मग म्हटलं, ह्यात काय तरी येगळं हाय, आपल्या अडाण्याला न दिसनारं. माज्याच डोळ्यांची चूक. म्हून दिला अंगठा."

विहिरीच्या कठड्यावरून कोणीतरी हाळी दिली, वस्तीवाल्यांनी यावे. बायका उठल्या. आत्याने एक हात जमिनीला, एक गुडघ्याला लावून स्वतःला उभे केले आणि एक घागर कमरेवर घेतली. दुसरी मी उचलली. ती तिने माझ्या हातातून काढून घेतली. रागाने नव्हे, अगदी सहज, पाहुणीच्या हातातून घेतात तशी.